जात्यावरची पहाट : सवय, श्रम आणि ओवी

दळणाच्या कामावरून मराठी भाषेला दोन शब्दप्रयोग मिळाले आहेत आणि त्या दोहोंचा कल परस्परविरुद्ध आहे. कोणी तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागला की तो ‘तेच दळण दळतो आहे’ असे म्हणतात. येथे दळण म्हणजे कंटाळा, निर्जीव पुनरावृत्ती. दुसरा प्रयोग म्हणीच्या रूपात आहे : ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’. येथे त्याच पुनरावृत्तीतून नवे काही सुचण्याची ग्वाही दिलेली आहे. ओवी सुचली म्हणजे जात्यावर बसावे असे ही म्हण सांगत नाही. आधी बसावे, मग सुचते, असे तिचे सांगणे आहे. प्रतिभेच्या स्फुरणाविषयी संस्कृत काव्यशास्त्रापासून रोमँटिक समीक्षेपर्यंत जे विवेचन झाले त्यात कवीची विशेष मनःस्थिती पूर्वअट म्हणून गृहीत धरण्याकडे कल दिसतो. अभ्यासाला काव्याच्या हेतूंमध्ये स्थान देणाऱ्या काव्यशास्त्रज्ञांच्या दृष्टीसमोरही दासीचे किंवा शेतकरणीचे रोजचे काम नव्हते. निरक्षर स्त्रियांच्या अनुभवातून आलेली ही म्हण मात्र मनःस्थितीला कारण न मानता परिणाम मानते. रोजच्या एका सवयीने मन हलके कसे होते आणि हलक्या झालेल्या मनातून रचना कशी वाहू लागते, याचा मराठीतील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत व्यापक पुरावा जात्यावरच्या ओवीच्या इतिहासात आहे. हा इतिहास ज्या श्रमावर उभा आहे तो श्रम स्त्रियांनी निवडलेला नव्हता, हेही त्या पुराव्याचेच एक अंग आहे.

ही सवय रोजची का होती, हे आधी पाहावयास हवे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी हे होते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते; ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे आठवड्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय नव्हती. घरातील माणसे उठण्यापूर्वी, बहुधा कोंबडा आरवण्याच्या आधी, घरातील स्त्री जात्यापाशी बसे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मध्ये दाणे टाकण्याचे तोंड. एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालावयाची. दळण जास्त असले की सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. हे काम सणावाराला सुटत नसे, आजारपणातही क्वचितच सुटे. त्यात खंड पडत नसे म्हणून ओवीतही खंड पडला नाही.

या सवयीचे प्राचीनत्व लेखी पुराव्याने सिद्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (११२९) गीतप्रकारांचे वर्णन करताना महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आलेली आहे. येथे उल्लेख कांडणाचा आहे, दळणाचा नाही. तथापि दळण आणि कांडण ही दोन्ही कामे एकाच हातांची व एकाच दिनक्रमाची असल्यामुळे ‘दळणकांडण’ असा जोडशब्दच मराठीत रूढ झाला. ही नोंद ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) दीडशेहून अधिक वर्षे आधीची आहे, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने नीट लक्षात घ्यावयास हवी. ज्ञानदेवांनी ज्या छंदात गीतेवरील भाष्य सिद्ध केले त्या छंदाचे नाव त्यापूर्वीच बायकांच्या श्रमाशी जोडलेले होते. ग्रंथातील ओवी आणि कामावरची ओवी यांचे रूप एकच आहे असे नाही. पहिली चार चरणांची व वाचनपठणाला अनुकूल, दुसरी बहुधा दोन ओळींची आणि गळ्यावर अवलंबून राहणारी. परंतु नात्याचा धागा नाकारता येत नाही.

तेराव्या-चौदाव्या शतकातील जनाबाईच्या अभंगांत हा दिनक्रम प्रथमच एका नाव असलेल्या कवयित्रीचा म्हणून समोर येतो. गंगाखेडहून आलेली आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली जनाबाई (परंपरेने निधन १३५०) दळणे, कांडणे, झाडलोट करणे, शेण्या वेचणे या कामांतच विठ्ठलाला ओढून आणते. तिचा देव गाभाऱ्यात भेटत नाही, खुंट्याला हात लावायला येतो. याचा भक्तिपर अर्थ सर्वपरिचित आहे. त्याबरोबरच आणखी एक अर्थ नोंदवावासा वाटतो. जात्यावर समोर बसणारी दुसरी बाई असेल तर श्रम निम्मे होतो आणि गाणे दुप्पट होते. एकट्या दासीच्या वाट्याला ती सोबत आली नाही, तेव्हा तिने ती सोबत कल्पनेने निर्माण केली आणि तिची कविता त्या सोबतीतून जन्माला आली. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते भाविकांना दाखवितात. संताची स्मृती म्हणून पोथी किंवा वीणा न जपता दळणाचा दगड जपावा, यात लोकांनी काव्य आणि काम यांच्या संबंधाविषयी आपले मत दिलेले आहे.

दगडाच्या फिरण्याने ओवी कशी घडते हे पाहिले म्हणजे सवय आणि निर्मिती यांचा दुवा स्पष्ट होतो. जाते फिरविताना हात पुढे ढकलला जातो आणि मागे ओढला जातो. शरीर झुकते आणि सावरते. ओवीच्या ओळीचे दोन भाग या हालचालीला बिलगून चालतात. ओळ संपते तेथे श्वास घेता येतो आणि वैरण घालण्यापुरता अवसर मिळतो. पहिली ओळ बहुधा ठरीव असते. त्यात एखादी वाट, एखादे झाड, गावाचे नाव, दाराशी आलेला पाहुणा असे चित्र उभे राहते. दुसऱ्या ओळीत गाणारी आपले माणूस आणि आपली गोष्ट आणते. पहिली ओळ गळ्यावर घोळत असताना दुसरी जुळविण्यास वेळ मिळतो. आठवत नसेल तर ‘गं बाई’सारख्या पालुपदाने जागा भरता येते. प्रारंभी ओव्यांची गणती करीत त्या देवांना, आईबापांना, भावाला वाहण्याची रीत असल्यामुळे सुरुवात काय करावी हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे छंद, ठरीव प्रारंभ, पालुपद आणि हाताची लय ही सर्व आयती हाती असतात. गाणारीला फक्त स्वतःचे दोन शब्द घालावयाचे असतात. हे दोन शब्द रोज घालण्याच्या सवयीतून हजारो स्त्रिया नकळत रचनाकार झाल्या.

मन हलके होण्याची प्रक्रियाही याच रचनेत सामावलेली आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या श्रम आणि लय या विषयावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की लयीमुळे श्रम सुसह्य होतो आणि कामाच्या लयीशी गीताचे मूळ निगडित आहे. ओवीच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. शिवणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या माणसांनाही लय असते. जात्यावरच्या बाईला लयीबरोबर आणखी एक गोष्ट लाभली होती, ती म्हणजे पुरुषांचे लक्ष नसलेली वेळ. घर झोपलेले असे, दगडाची घरघर आवाज झाकीत असे. दिवसभर ज्या घरात तिने मान वर करून बोलू नये अशी अपेक्षा होती, त्याच घरात पहाटेच्या तासा-दोन तासांत ती सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाने न नेल्याचे दुःख, मूल नसल्याचा सल, नवऱ्याचा मार हे सर्व उच्चारू शके. ते थेट सांगण्याची सोय नसेल तर सीतेच्या नावाने सांगे. सीतेच्या वनवासावरील ओव्या मोठ्या संख्येने आढळतात, याचे कारण पुराणश्रवणात जेवढे आहे त्याहून अधिक या आडोशाच्या गरजेत आहे. जात्याला देव मानून त्याच्याशी बोलणाऱ्या ओव्याही पुष्कळ आहेत. दगड ऐकतो, पण कोणाला सांगत नाही, हा त्याचा गुण होता. समोर बसलेली दुसरी बाई त्या ओवीला आपली ओवी जोडी, आणि एकीचे दुःख दोघींचे होई.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. शहरी सुशिक्षितांच्या लेखनात जात्याची घरघर हा स्मरणरंजनाचा विषय झाला आहे. प्रत्यक्षात दळण हे खांदे आणि कंबर मोडणारे काम होते आणि झोपेतून वेळ चोरून करावे लागे. ‘दळणकांडण करून मुलाला वाढविले’ हे वाक्य मराठी चरित्रांत विधवा आईच्या दारिद्र्याची खूण म्हणून येते. संपन्न घरातील दळण गरीब घरातील बाईच्या हातून होत असे आणि तिने दळलेल्या पिठाची भाकरी तिच्या मुलांना मिळेलच असे नव्हते. सवयीने मन प्रसन्न राहते हे सूत्र या पार्श्वभूमीवर फार जपून वापरावयास हवे. ओवीमुळे श्रम सुखाचा झाला नाही. श्रमात अडकलेल्या मनाला स्वतःपुरती एक वाट मिळाली. ही वाट समाजाने दिली नव्हती. सक्तीच्या कामात ती बायकांनी स्वतः काढली.

हा केवळ मराठी मुलखाचा विशेष नाही. हिंदी पट्ट्यात जाँतावर म्हणावयाच्या गीतांना ‘जँतसार’ असे स्वतंत्र नाव आहे. रामनरेश त्रिपाठी यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या गीतांचा संग्रह ‘कविता-कौमुदी’च्या पाचव्या भागात १९२९ साली प्रसिद्ध झाला, त्यात या गीतांना महत्त्वाचे स्थान आहे. कानडीत ‘बीसुव पद’ म्हणजे दळणाचे गाणे. विजापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठच्या हलसंगी या गावातील मधुरचेन्न आणि त्यांच्या मित्रमंडळाने अशी गीते गोळा करून १९३१ साली ‘गरतिय हाडु’ हा संग्रह सिद्ध केला आणि त्यामुळे कानडी साहित्यिकांचे लक्ष त्रिपदी छंदाकडे नव्याने गेले. हलसंगीपासून सोलापूरचा मुलूख फार दूर नाही. भीमेच्या दोन्ही अंगांना बायका दोन भाषांत पण एकाच दगडावर, एकाच वेळी आणि बहुतांशी त्याच विषयांवर गात होत्या. भारतीय साहित्याची एकात्मता सिद्ध करण्यासाठी अभ्यासक महाकाव्यांकडे वळतात. तिचा एक पुरावा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही आहे.

मराठीत ओव्यांच्या संग्रहाचे काम याच सुमारास वेग घेऊ लागले. साने गुरुजींनी (१८९९–१९५०) ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून मिळविलेल्या ओव्या १९४०च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथाच्या दोन भागांत विषयवार लावून, त्यांना विवेचनाची जोड देऊन प्रसिद्ध केल्या. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने लोकगीतांचे आणि लोकसंस्कृतीचे अनेक खंड काढले. या कार्याचे मोल मोठे आहे. मात्र संग्राहकांच्या दृष्टीत एक मर्यादा होती. ओवी ‘समाजाची’ मानली गेली, म्हणून ती म्हणणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात, वय नोंदविण्याची आवश्यकता अनेकदा भासली नाही. जिने रोज दोन शब्द स्वतःचे घातले, ती संग्रहात आली तेव्हा निनावी झाली.

याला एक ठळक अपवाद घडला आणि तोही योगायोगाने. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावजवळच्या असोदे गावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणी वैधव्य आले. शेतातील व घरातील कामे करता करता त्या आपल्या लेवा गणबोलीत गाणी रचीत आणि ती हवेत विरून जात. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी आणि घरातील एका नातलगाने यांपैकी काही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर ती वही आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात. त्या नावाची कविता या संग्रहात आहे. मराठी रसिकांनी या संग्रहाचे स्वागत एका अद्भुत घटनेसारखे केले. वस्तुतः बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, पण त्यांची पद्धत असामान्य नव्हती. हाताला काम आणि गळ्याला ओवी ही त्यांच्या आजूबाजूच्या प्रत्येक घरातील रीत होती. असामान्य होती ती एवढीच गोष्ट की त्यांच्या घरी लिहून घेणारा मुलगा होता. ज्या घरांत तो नव्हता, तेथे काय काय रचले गेले असेल याचा विचार वाङ्मयेतिहासाने केलेला नाही.

संग्रह होत असतानाच मूळ सवय संपत चालली होती. विसाव्या शतकात आधी शहरांत आणि स्वातंत्र्यानंतर क्रमाक्रमाने खेड्यांत पिठाच्या गिरण्या आल्या. डोक्यावर डबा घेऊन गिरणीत जावे, पट्ट्याच्या आवाजात उभे राहावे आणि गरम पीठ घेऊन परतावे, हा नवा क्रम झाला. स्त्रियांनी गिरणीचे स्वागत केले आणि ते योग्यच होते; ज्यांचे खांदे दुखत होते त्यांना ओवीच्या नाशाबद्दल उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दळण गेले त्याबरोबर पहाटेची ती एकांत वेळही गेली. जुन्या बायकांना ओव्या पाठ राहिल्या, लग्नाच्या घाण्याला हळद दळताना त्या म्हटल्याही जातात. तथापि आठवण्यातली ओवी आणि सुचण्यातली ओवी यांत फरक आहे. लग्नातील ओवी ठरलेली असते, नवी घालावयाची गरज नसते. सवय सुटली तेव्हा आधी नष्ट झाली ती गाण्याची क्षमता नव्हे, तर त्यात स्वतःचे काही घालण्याची क्षमता.

या संधिकाळात एक मोठे काम पुणे परिसरात उभे राहिले. हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले पण भारतालाच आपले मानलेले गी पॉइटेव्हिन (१९३४–२००४) हे मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागातील कष्टकऱ्यांच्या संघटनेत काम करीत होते. तेथील स्त्रियांच्या बोलण्यातून त्यांना ओव्यांचा साठा सापडत गेला. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९०च्या दशकात त्यांतील अनेकांचे ध्वनिमुद्रणही झाले. या कार्यात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीची ओळख नोंदविण्याकडे लक्ष दिले गेले, हा पूर्वीच्या संग्रहांहून महत्त्वाचा फरक होय. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा साठा आवाजासह व गाणारींच्या परिचयासह लोकांसमोर आणण्याचे काम हाती घेतले.

या साठ्यात एक गोष्ट विशेष डोळ्यांत भरते. त्यात विठोबा, सीता, भाऊ आणि माहेर यांच्याबरोबरच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचा मोठा भाग आहे. दलित स्त्रियांनी त्याच छंदात, त्याच जात्यावर आपल्या नव्या स्वाभिमानाची ओवी घातली. जुन्या देवांच्या जागी नव्या नेत्याचे नाव बसविताना त्यांना नवा छंद शोधावा लागला नाही. रोजच्या सरावाचा साचा त्या नव्या अनुभवाला पुरेसा ठरला. परंपरेने चालत आलेली सवय माणसाला जुन्या विचारातच बांधून ठेवते, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी या ओव्या अवश्य पाहाव्यात. साचा जुना असतानाही आशय बदलू शकतो. किंबहुना साचा हाताखालचा असतो म्हणूनच आशय बदलण्याचे धैर्य येते.

या सर्व इतिहासातून निर्मितीच्या सवयीविषयी जे हाती लागते ते साधे आहे. वेळ ठरलेली असावी आणि ती दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसावी. हाताला अशी हालचाल असावी की मन मोकळे राहील. सुरुवात आयती असावी, म्हणजे कोऱ्या शांततेची धास्ती वाटणार नाही. ऐकणारे एखादे माणूस समोर असावे, पण न्याय करणारे कोणी नसावे. ओवी रचणाऱ्या बाईला यांतील प्रत्येक गोष्ट लाभली होती, आणि प्रत्येकीची किंमत तिने शरीराने मोजली होती. गिरणीने ती किंमत माफ केली. परंतु वाचलेला वेळ स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहिला की दुसऱ्या कामांनी भरून निघाला, याचे उत्तर घराघरात वेगळे आहे, आणि बहुतेक घरांत ते तिच्या बाजूचे नाही.

म्हणून ओवीच्या अभ्यासाचा शेवट संग्रहाच्या कपाटापाशी होऊ नये. साहित्याचा विद्यार्थी जेव्हा या ओव्या वाचतो तेव्हा त्याने केवळ छंद, प्रतिमा आणि विषय यांची वर्गवारी करून थांबणे पुरेसे नाही. ही ओवी कोणत्या वेळी सुचली, हात कोठे होते, समोर कोण बसले होते आणि घरातील कोण झोपलेले होते, हे प्रश्नही त्याने विचारावेत. जनाबाईच्या अभंगाला, बहिणाबाईंच्या गाण्याला आणि मुळशीच्या एखाद्या अल्पपरिचित बाईच्या दोन ओळींना हे प्रश्न सारखेच लागू पडतात. त्यांची उत्तरे शोधू लागल्यास मराठी कवितेच्या इतिहासाचा प्रारंभ ग्रंथांच्या आधी, कांडण्याच्या आणि दळण्याच्या आवाजात कोठेतरी मानावा लागेल. आणि ‘मानसोल्लासा’तील ती एका वाक्याची नोंद त्या इतिहासाच्या पहिल्या पानावर येईल.